त्याच लॉटचं कापड

आमच्या मास्तरांसमोर दोन वाक्यं उच्चारायची सोय नव्हती. एक, ‘पाणी खराब होतं’ आणि दुसरं, ‘देवाची मर्जी’. पहिलं म्हणणाऱ्याला ते खात्यातून हाकलत, दुसरं म्हणणाऱ्याला घरातून.

सुरतेजवळ पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते डाईंग मास्तर होते. व्यापाऱ्याकडून कोरं कापड यायचं, सोबत रंगाचा नमुना यायचा, आणि नमुन्याला जुळेल असा रंग कापडावर चढवून द्यायचा, हे त्यांचं काम. मी त्याच मिलच्या ऑफिसात कारकून होतो आणि उधन्याला त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. त्यामुळे त्यांच्या शिव्या मला दिवसा मिलमध्ये आणि संध्याकाळी जिन्यात, अशा दोन पाळ्यांत ऐकायला मिळत.

रंग बिघडला की सगळे डाईंग मास्तर पाण्यावर ढकलतात. बोअरचं पाणी जड आलं, कालव्याचं गढूळ आलं. व्यापारीही ते ऐकून घेतात, कारण पाण्याशी भांडणार कोण? आमचे मास्तर मात्र बिघडलेला तागा खांद्यावर टाकून थेट व्यापाऱ्यासमोर जाऊन उभे राहत. “माझ्या हातून बिघडला. पुन्हा रंगवून देतो. नको असेल तर दुसरा मास्तर बघा.”

शेठ कपाळावर हात मारून घ्यायचे. “अरे मास्तर, थोडा तो पानी का नाम लो!”

“क्यूं लूं शेठ? पानी बोल नहीं सकता, इसलिए?”

रंग ते कधी ट्यूबलाईटखाली बघत नसत. चिंधी हातात घेऊन भर दुपारी मिलच्या पायरीवर येत, टोपी काढून चिंधी उन्हात धरत, एकदा डावा डोळा मिटून आणि एकदा उजवा मिटून बघत. घरी मावशींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहा आणला की कप खिडकीकडे धरायचा. मनासारखा दिसला नाही की “लॉट रिजेक्ट” म्हणून परत. मावशी अहिराणीत म्हणत, “पी गुमान. आठे कोनी शेठ नही बठेल.” मग इथे शेठ कुणी नाही हे मान्य करून तोच चहा ते निमूटपणे पीत.

आभाळातून विमान गेलं की मास्तर रस्त्यात, बाजारात, स्कूटरवर असले तर स्कूटर थांबवून, मान वर करून ओरडत, “हळू उतर रे भो! घाई नही!” सुरतेवरून जाणारी विमानं बहुतेक मुंबईची नाहीतर अहमदाबादची. तीन-चार मैलांवरून जाणाऱ्या त्या चंदेरी ठिपक्याला हे खालून हुकूम सोडायचे. पोरं हसत. मी लाजून दुसरीकडे बघे. लाजलो म्हणून पुन्हा मनाला खाई.

माझा स्वभावच तसा. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. वरून पाण्याची बादली सांडली तरी मी तीनदा माफी मागायचो. मास्तर म्हणत, “तुझी माफी किलोवर घेऊन ठेवली पाहिजे. पडेल भावात मिळते आहे.” त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा होता. तो गेला आणि मी त्यांच्याच जिन्यावरून वर-खाली करत राहिलो. हे माझं अपराधीपण त्यांना कळत होतं. एकदा तोंडावर म्हणाले, “काय रे, विमान तू चालवत होतास?”

“नाही.”

“मग माझ्यासमोर मान वर करून जेवत जा. खाली घातलेली मान बघितली की मला अन्न जात नाही.”

मुलगा मुंबईत एका कापड-एजंटकडे नोकरीला होता. एजंटाने त्याला तातडीने नमुने घेऊन विमानाने अहमदाबादला पाठवलं. आमच्या सबंध गल्लीत विमानात बसणारा तो पहिला. त्याने शेजारच्या फोनवर आईला कळवलं होतं, मावशींनी पेढे वाटले होते. सकाळच्या धुक्यात अहमदाबादला उतरता उतरता ते विमान धावपट्टीच्या अलीकडेच झाडांना घासून पडलं. बातमी आली तेव्हा पेढ्यांचा कागद स्वयंपाकघरात तसाच होता.

मास्तरांबरोबर अहमदाबादला मी गेलो होतो. इस्पितळात ओळखण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मी दारातच थांबलो, पाय आत गेले नाहीत. मास्तर एकटेच एकेका चादरीपाशी वाकत गेले आणि एका ठिकाणी बसले. कमरेचा पट्टा बांधलेला असला की त्याच्या आत खोचलेलं कापड कधी कधी जळायचं राहतं. तसं चार बोटं कापड राहिलं होतं. मेहंदी रंगाचं.

ते कापड त्यांनीच रंगवलेलं होतं. त्या मेहंदीत त्यांच्या हातून तांबडा किंचित जास्त पडला होता, व्यापाऱ्याने सगळा लॉट नाकारला होता, आणि मिलमधल्या चार-पाच जणांनी त्यातून शर्टाला तुकडे नेले होते. मुलाच्या शर्टाचा तुकडा मास्तरांनी स्वतः फाडला होता. बाकीचा माल गोदामात पडला आहे, असा त्यांचा समज होता.

तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, “नक्की का?” मास्तर म्हणाले, “साहेब, नमुन्यासारखा रंग कुणीही काढेल. ही चूक आहे. ही चूक जगात फक्त माझ्या हातची आहे.”

आम्ही त्याला सुरतेला आणलं. तापीवर मास्तरांनी अग्नी दिला. सांत्वनाला आलेला एक नातेवाईक “देवाची मर्जी” म्हणाला. मास्तरांनी त्याचे बूट उचलून त्याच्या हातात दिले. “धुकं होतं,” असं वर्तमानपत्रात आलं, तेव्हा म्हणाले, “आमचं पाणी, यांचं धुकं.”

दर पितृपक्षात ते तापीवर जात, पिंड देत आणि दुपारी पुन्हा कामावर येत. असं पाच-सहा वर्षं चाललं.

सुरतेत प्लेगची हाकाटी झाली तेव्हा अर्धं गाव मिळेल त्या गाडीला लटकून खानदेशाकडे पळालं. मास्तर हलले नाहीत. तोंडाला रुमाल बांधून ते रोज रिकाम्या मिलमध्ये जात आणि रंगाची पिंपं धुऊन ठेवत. मला म्हणाले, “तू जा. तुझी आई वाट बघत असेल.” मी गेलो. परत आलो तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, “आलास? शेंगदाणे आणलेस का धुळ्याचे?”

प्लेग ओसरून मिल पुन्हा सुरळीत चालू झाली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. नडियादकडचा एक तरुण व्यापारी माल बघायला आला होता. मी त्याला खात्यात घेऊन गेलो. मास्तर पायरीवर उन्हात चिंधी धरून उभे होते. चिंधी खाली आली, आणि त्यांनी पुढे होऊन त्या तरुणाच्या शर्टाचं टोक पॅंटमधून ओढून बाहेर काढलं.

“अरे, शुं करो छो?” तो दचकला.

मास्तरांनी ते टोक उन्हात धरलं. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. मेहंदी. तांबडा किंचित जास्त.

“हे कुठून घेतलंस?”

“मुंबईत घेतलेलं कापड, फुटपाथवर. जुनं आहे, काका. मोठ्या भावाने त्यातून दोन शर्ट शिवले होते. एक त्याला, एक मला.”

“भाऊ कुठे आहे?”

त्या मुलाने शर्टाचं टोक त्यांच्या हातातून सोडवून घेतलं. मग म्हणाला, “विमानात होता. अहमदाबादच्या.”

पॉलिएस्टर माणसापेक्षा जास्त टिकतं. मास्तरांनी त्याचा शर्ट स्वतःच्या हाताने पुन्हा नीट खोचला आणि त्याला चहा पाजला. आपला मुलगाही त्याच विमानात होता, एवढंच सांगितलं. त्याच्या गावाचं नाव विचारून घेतलं. तो गेल्यावर ते शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठने आठवून सांगितलं की नाकारलेला तो लॉट गोदामात कधीच नव्हता. तेव्हाच मुंबईच्या फेरीवाल्यांना विकून टाकला होता.

संध्याकाळी मास्तरांनी मावशींना खाली बसवून सगळं सांगितलं: आपण तापीवर जाळला तो आपला नसेल, त्या व्यापाऱ्याचा भाऊ असेल. मी जिन्यात होतो. मग मावशींनी एकच विचारलं.

“मना पोऱ्याले आग कोनी दिधी?”

मास्तर उठून बाहेर आले आणि जिन्यात माझ्या शेजारी बसले.

मावशींनी अन्न सोडलं. त्यांचे भाऊ आले, आमचे पिंड सांगणारे गुरुजी आले. सगळ्यांचं मत एक पडलं. भाऊ म्हणाले, “त्या घरी कुणाला ठाऊक नाही, इथे कुणाला ठाऊक नाही. दोन्हीकडे सगळं पार पडलंय. आता राख कशाला उकरायची?” गुरुजी म्हणाले, “श्रद्धेने दिलं, ते पोचलं.” मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मीही म्हणालो, “मास्तर, त्यांना उगाच दुःख होईल.” माझं ते खरोखरचं मत होतं. मला वाटत होतं की गप्प राहण्यातच दया आहे.

“म्हणजे पाणी खराब होतं म्हणू?” मास्तर म्हणाले. “त्या पोराच्या आईचा मोठा मुलगा मी नेला, माझा म्हणून जाळला, आणि आता कापड ओळखल्यावर गप्प बसू? कुणाला नसेल यायचं त्याने येऊ नये.”

दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. वाटेत मी एकदा म्हणालो, “त्यांच्याकडे गेलेला आपलाच होता, याची तरी खात्री कुठे आहे? तिसऱ्याच कुणाचा असेल.”

“असू दे. माझा नसेल तर तो कुणाच्या तरी पोटचा असेलच. पण माझ्याकडे आलेला त्यांचा होता का, तेवढं तर कळेल.”

नडियादच्या पुढच्या एका गावात ते घर होतं. वडील वारले होते. घरात तो तरुण आणि त्याची आई, दोघंच. तिला सगळे बा म्हणत. ओसरीच्या आत ताटं मांडलेली होती. माणसं दोन आणि ताटं तीन. तरुणाने ओशाळून आम्हाला हळूच हिंदीत सांगितलं, “बा का दिमाग उस दिन से थोड़ा... रोज़ भैया की थाली रखती है. बोलती है जो आया था वो मेरा नहीं था. मेरा तो ज़िंदा है.”

मला वाटलं, इथूनच परत फिरावं. मी मास्तरांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि आत जाऊन बांच्या समोर जमिनीवर बसले. त्यांचं गुजराती मिलचं, आडमुठं, खानदेशी हेलाचं. बोलले ते असं:

“बा, तुम्ही खरं बोलत होतात. तुमच्याकडे जो आला तो तुमचा नव्हता.”

बांनी हातातली वाटी खाली ठेवली. सहा वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे अशा काही नजरेने बघितलं की तो भिंतीला टेकला.

“बघ,” त्या म्हणाल्या. “बघ, वेडी म्हणत होतास.”

“तुमचा माझ्याकडे होता,” मास्तर म्हणाले. “मी माझा समजून नेला. सुरतेला, तापीवर मी त्याला अग्नी दिला. चूक माझी आहे. मी कापड बघितलं, माणूस बघितला नाही.”

बांच्या चेहऱ्यावरून सगळं उतरत गेलं. एवढी वर्षं धरून ठेवलेली एक गोष्ट त्या माणसाने खरी केली होती आणि त्याच श्वासात दुसरी काढून घेतली होती. मला वाटलं, आता ही बाई याच्या तोंडावर वाटी फेकून मारणार, आणि मारली तर बरंच होईल.

“तू मला सांगायला आलास, की माझा मुलगा मेला?”

“हो.”

“सगळे सांगतात. सहा वर्षं सगळे तेच सांगतायत. तू कोण मोठा?”

“मी बघितलाय,” मास्तर म्हणाले.

बा पुढे सरकल्या. “बघितलास तर डाव्या हाताचं शेवटचं बोट सांग.”

मास्तर थांबले. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही एकदम. “अर्धं होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, आगीत गेलं.”

“आगीत नाही,” बा म्हणाल्या. “कडब्याच्या यंत्रात. सात वर्षांचा होता.”

बा रडल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना एकेक विचारायला सुरुवात केली. लाकडं कसली होती, तूप होतं का, डोकं कुठल्या दिशेला होतं, कोण कोण आलं होतं, पाऊस तर नव्हता ना. मास्तर परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होते. शेवटी बांनी विचारलं, “त्याच्यासाठी कुणी रडलं होतं का?”

“त्याच्यासाठी माझी बायको तीन दिवस शुद्धीवर नव्हती.”

मग बांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने पदराआडूनच म्हणाल्या, “आणि तुझ्यासाठी इथे मी रडले नाही, पोरा. मी तुला हात नाही लावू दिला कुणाला माझ्यासमोर. परका आहे, घेऊन जा, असं मी म्हणाले. तुला अंगणात ठेवला होता, मी दार लावून घेतलं.” हे त्या मास्तरांना नव्हे, त्यांच्या गेलेल्या मुलाला सांगत होत्या.

“अग्नी कुणी दिला?” मास्तरांनी विचारलं. ते या प्रश्नासाठीच आले होते.

भिंतीला टेकलेला तो तरुण म्हणाला, “मैंने दिया, काका. बड़ा भाई समझ के दिया. पूरा बाल भी उतराया था. बा नहीं रोई, पर मैं रोया था.”

मास्तर उठले आणि त्यांनी त्या मुलाला कवटाळलं. तो त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता. त्याचं डोकं खांद्यावर नीट बसेना, तरी त्यांनी ते दाबून धरलं.

निघताना बांनी तिसरं ताट मास्तरांपुढे सरकवलं. “जमी लो,” म्हणाल्या. मास्तर जेवले. मला भूक नव्हती, पण मीही जेवलो. बा प्रत्येक वेळी वाढताना विचारत होत्या, “तुझ्या मुलाला काय आवडायचं?” आणि मास्तर सांगत होते. घरी एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर मावशी दारातच होत्या. मास्तरांनी चपला काढायच्या आधी सांगितलं, “आग भावाने दिली. त्याच्या लहान भावाने.” मावशी आत गेल्या आणि स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

पुढच्या पितृपक्षात बा सुरतेला आल्या. आपल्या मुलाला जिथे अग्नी मिळाला, ती जागा त्यांना बघायची होती. तरुणाला आयत्या वेळी ताप आला म्हणून त्या गावातल्या कुणाच्या तरी सोबतीने आल्या. सकाळी आम्ही तापीच्या घाटावर गेलो. मावशींनी भाताचे पिंड वळून आणले होते, दोन्ही मुलांचे. गुरुजी पाटावर बसून दर्भ मांडत होते.

बा पुढे झाल्या आणि पाटासमोर बसल्या. त्यांच्या शेजारी मावशी बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सकाळपासून एक गुजरातीत आणि दुसरी अहिराणीत बोलत होती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

गुरुजींनी मान वर केली. “मास्तर, तुम्ही बसा. पिंडाला बायका बसत नाहीत.”

“आज त्या बसतील.”

“शास्त्रात नाही. बायका बसल्या तर मला मंत्र म्हणता यायचे नाहीत.”

“मग तू ऊठ,” मास्तर म्हणाले.

मी मध्ये पडलो. “मास्तर, गुरुजींचा मान...” एवढं बोललो आणि मावशींकडे लक्ष गेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे. मी केव्हा गप्प होतो, याची वाट बघत होत्या. मी मागे सरलो. गुरुजींनी दर्भ गोळा केला, पळी-पंचपात्र पिशवीत टाकलं आणि ते खरंच उठून चालू लागले. घाटावरची इतर माणसं बघू लागली. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून दोघींच्या मागच्या पायरीवर बसले.

आता पुढे काय करायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मंत्र कुणाला येत नव्हता. मग मावशींनी एक पिंड उचलून बांच्या हातात दिला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. हा माझ्या मुलाचा, तू दे. दुसरा त्यांनी स्वतः उचलला आणि बांकडे बोट केलं. हा तुझ्या मुलाचा, मी देते.

“नाव?” बांनी विचारलं. मावशींनी सांगितलं. बांनीही आपल्या मुलाचं सांगितलं. दोघींनी ती नावं दोन-तीनदा एकमेकींकडून म्हणून घेतली, नीट जिभेवर बसेपर्यंत. मग पाण्याकडे तोंड करून मावशींनी बांच्या मुलाला हाक मारली, आणि बांनी मावशींच्या मुलाला, त्याचं नाव थोडं गुजराती करून. आयांनी पोरांना संध्याकाळी गल्लीतून घरी बोलवावं, तेवढ्या मोठ्याने. वरच्या पायऱ्यांवर गुरुजी थांबून वळून बघत होते, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मावशींनी पुन्हा एकदा हाक मारली.